आयर्लंडहून हद्दपार झालेल्या बायका आणि त्यांचे वंशज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी माणसांना शेजारी किंवा सहकारी कधी ना कधी सांगतात, "माझी खापरपणजी कैदी म्हणून इथं आली होती." आपण चपापतो. सांगणाऱ्याच्या आवाजात मात्र बहुतेकदा अभिमान असतो. या इतिहासाबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या बायकांचं आयुष्य दोन वाक्यांत सांगून उरकणं मला पटत नाही.

नेमकं काय घडलं होतं?

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटिश सरकारने सुमारे १,६२,००० कैदी जहाजांत भरून ऑस्ट्रेलियाला पाठवले. त्यात बायका होत्या सुमारे २५,०००, म्हणजे सहा-सात कैद्यांमागे एक. यातल्या नऊ हजारांच्या आसपास बायका थेट आयर्लंडच्या बंदरांतून गेल्या. लिव्हरपूल, मँचेस्टर, लंडन इथं पोटापाण्यासाठी आलेल्या आणि तिथंच शिक्षा झालेल्या आयरिश बायका या हिशेबात धरलेल्या नाहीत. त्यांची नोंद इंग्लंडच्या खात्यावर आहे.

आयर्लंडहून थेट निघालेलं पहिलं कैदी जहाज 'क्वीन'. ते १७९१ च्या एप्रिलमध्ये कॉर्कहून निघालं आणि सप्टेंबरमध्ये सिडनीला पोचलं. त्यात वीसेक बायका होत्या. बायकांना घेऊन निघालेलं शेवटचं आयरिश जहाज 'मिडलोथियन' १८५३ च्या फेब्रुवारीत हॉबर्टला लागलं. सुरुवातीला या बायका न्यू साउथ वेल्सला जात. १८४० मध्ये तिथली हद्दपारी थांबली आणि त्यानंतर सगळा ओघ व्हॅन डिमेन्स लँड, म्हणजे आजच्या टास्मानियाकडे वळला. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८६८ पर्यंत कैदी येत राहिले, पण तिथं बायका पाठवल्याच नाहीत.

एवढ्या लांब ऑस्ट्रेलियालाच का?

त्याआधी कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत, मुख्यतः मेरीलँड आणि व्हर्जिनियात पाठवले जात. अमेरिका स्वतंत्र झाली आणि ते दार बंद झालं. १७८९ मध्ये डब्लिनहून निघालेल्या एका जहाजाने तर आयरिश कैद्यांना, त्यात काही बायकाही होत्या, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर सोडून दिलं. तिथल्या लोकांनी संतापून त्यांतल्या बहुतेकांना परत पाठवलं. त्यानंतर दोनच वर्षांनी 'क्वीन' निघालं.

त्यांचे गुन्हे तरी काय होते?

बहुतेकींचा गुन्हा चोरीचा. शाल, झगा, चादर, कापडाचा ताका, कोंबडी, मेंढी, गाय, बटाटे. मालकिणीच्या घरातून उचललेलं काहीतरी, कारण यांतल्या बहुसंख्य बायका घरकाम करणाऱ्या होत्या. शिक्षा बहुधा सात वर्षांची, कधी दहा, कधी चौदा, क्वचित जन्मभराची. आयर्लंडमध्ये जुन्या कायद्याखाली नुसत्या भटकेपणासाठीही हद्दपार करता येई. बाईला कुणी जामीन राहायला तयार नसलं की संपलं.

दोन बायकांची उदाहरणं देतो. दोघी एकाच जहाजातून गेल्या, 'टास्मानिया' नावाच्या. कार्लो परगण्यातल्या मार्गारेट बटलरला बटाटे चोरल्याबद्दल सात वर्षांची हद्दपारी झाली. विकलोच्या तुरुंगातून आलेल्या एलायझा डेव्हिसवर बालहत्येचा आरोप सिद्ध झाला होता. तिला फाशी सुनावली होती, ती कमी करून जन्मभराची हद्दपारी दिली.

हे जहाज २ सप्टेंबर १८४५ ला निघालं. आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडल्याच्या पहिल्या बातम्या आल्या त्या याच सुमाराला. म्हणजे मार्गारेट बटलरने बटाटे चोरले ते या करप्यातून आलेल्या महादुष्काळाच्या आधी. आयरिश बायकांच्या चोऱ्यांचं खापर सरसकट दुष्काळावर फोडलं जातं, म्हणून हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. गरीब आयरिश घरात जुने बटाटे संपले आणि नवे अजून जमिनीतून निघायचे आहेत, असे उन्हाळ्यातले काही आठवडे दरवर्षी येत, आणि त्या आठवड्यांत माणसं उपाशी राहत. भूक आधीपासून होती. दुष्काळाने ती लाखो घरांत एकाच वेळी नेली.

एलायझा डेव्हिसच्या बाबतीत लगेच निवाडा देऊ नये. लग्न न झालेल्या मोलकरणीला मूल झालं की नोकरी जाई, छप्पर जाई, आणि गावात तोंड दाखवायची सोय राहत नसे. मूल गेलं ते गेलंच, त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण त्या मुलाच्या बापाचं नाव कोर्टाच्या अशा कागदांत शोधून सहसा सापडत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

काही बायकांनी मुद्दाम गुन्हे केले, हे खरं आहे का?

हो. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. अनाथाश्रमासारखी जी सरकारी गरीबघरं होती ती तुडुंब भरली होती आणि तिथं साथीचे रोग पसरले होते. त्या काळात आगी लावण्याच्या खटल्यांत तरुण बायका दिसू लागतात. गवताच्या गंजीला किंवा एखाद्या रिकाम्या झोपडीला आग लावायची आणि पळून न जाता तिथंच थांबायचं. आम्हाला हद्दपारच व्हायचं होतं, असं अनेकींनी उघड सांगितलं. जाळपोळीला हद्दपारी नक्की, हे त्यांना ठाऊक होतं. कधी दोघी-तिघी मिळून असं करत, म्हणजे एकाच जहाजावर जाता येईल.

हा खटपटीपणा होता की हताशपणा, यावर अभ्यासकांत मतं वेगवेगळी आहेत. मला दोन्ही एकत्र दिसतं. ज्या शिक्षेची दहशत बसावी अशी सरकारची इच्छा होती, तिच्यातच या बायकांना पोटभर जेवणाची शक्यता दिसली. त्या वेळच्या आयर्लंडची अवस्था समजायला एवढं पुरे आहे.

शिक्षा झाल्यापासून जहाजावर चढेपर्यंत काय होई?

आधी परगण्याचा तुरुंग, मग कॉर्क किंवा डब्लिनचं केंद्र. १८३६ पासून डब्लिनचा ग्रेंजगॉर्मन तुरुंग फक्त बायकांसाठी ठेवला गेला. सगळ्या ब्रिटिश बेटांवरचा केवळ बायकांसाठी असलेला तो पहिला तुरुंग. हद्दपारीच्या बायका तिथं महिनोन्महिने राहत, शिवण, विणकाम, धुणं आणि थोडं वाचन शिकत. वसाहतीत उपयोगी पडतील अशा मोलकरणी तयार करणं हा सरकारचा हेतू. आज त्या जागेवर डब्लिनच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा परिसर आहे आणि जुन्या तुरुंगाची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत अजून उभी आहे.

या काळात बायका, त्यांचे नवरे, आईबाप, कधी गावचा पाद्री सरकारकडे अर्ज करत. शिक्षा कमी करा, मुलं लहान आहेत, निदान मुलांना बरोबर नेऊ द्या. हे अर्ज डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहेत. ज्या बायकांना स्वतः सही करता येत नव्हती, त्यांच्या तोंडचं बोलणं दुसऱ्याच्या अक्षरात का होईना, तिथं ऐकू येतं.

प्रवास कसा असे?

तीन-चार महिन्यांचा. 'टास्मानिया' जहाजाने किंग्स्टाउन बंदर, म्हणजे आजचं डन लेअरी, सोडलं आणि ३ डिसेंबर १८४५ ला ते हॉबर्टला पोचलं. त्यात १३८ कैदी बायका आणि त्यांची ३५ मुलं होती. या जहाजांवर सरकारी डॉक्टर असे आणि कैद्यांच्या तब्येतीची जबाबदारी त्याच्यावर असे. त्यामुळे नंतरच्या काळात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी झालं. कित्येकींना घरच्यापेक्षा नियमित जेवण जहाजावर मिळालं.

सगळीच जहाजं पोचली नाहीत. 'नेव्हा' ८ जानेवारी १८३५ ला कॉर्कहून निघालं. त्यात सुमारे दीडशे कैदी बायका होत्या, मुलं होती, आणि आधी हद्दपार झालेल्या नवऱ्यांकडे निघालेल्या काही मुक्त बायकाही होत्या. चार महिने समुद्र कापून झाल्यावर, सिडनी टप्प्यात आलेली असताना, १३ मे रोजी ते टास्मानियाच्या उत्तरेकडच्या किंग बेटाजवळच्या खडकांवर फुटलं. दोनशेहून अधिक जीव गेले. वाचली अवघी १५ माणसं. जहाजबुडीच्या गोष्टी सांगणाऱ्या देशात ही गोष्ट इतकी वर्षं फारशी सांगितली गेली नाही, याची मला खंत वाटते.

'फिमेल फॅक्टरी' म्हणजे काय?

तुरुंग, कारखाना, बाळंतघर, दवाखाना आणि नोकरांचं भरती केंद्र, हे सगळं एकाच भिंतीच्या आत. बायका जहाजातून उतरल्या की त्यांना वसाहतीतल्या घरांत मोलकरीण म्हणून नेमून दिलं जाई. ज्यांना काम मिळालेलं नसे, ज्या गरोदर असत, आजारी असत, किंवा ज्यांना मालकाने तक्रार करून परत पाठवलेलं असे, त्या फॅक्टरीत येत.

सिडनीजवळ पॅरामाटाची फॅक्टरी गव्हर्नर मॅक्वारीच्या काळात बांधली गेली. तिचा वास्तुरचनाकार फ्रान्सिस ग्रीनवे हा स्वतःच एकेकाळचा कैदी. १८२१ पासून ती वापरात आली. टास्मानियात सर्वांत मोठी होती हॉबर्टची कॅस्केड्स फॅक्टरी, १८२८ च्या अखेरीस एका जुन्या दारूभट्टीच्या जागेत उघडलेली. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठी, दमट जागा. ऊन जेमतेम येई. याशिवाय लाँसेस्टन आणि रॉस इथंही फॅक्टऱ्या होत्या.

आतल्या बायकांचे तीन वर्ग पाडलेले असत. वरच्या वर्गातली बाई बाहेर कामाला जाऊ शके. खालच्या, म्हणजे 'क्राइम क्लास'मधल्या बाईच्या जाकिटाच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि घागऱ्याच्या मागच्या बाजूला मोठं पिवळं 'सी' अक्षर शिवलेलं असे. कामं म्हणजे शहराचे कपडे धुणं, लोकर कातणं, जुने डांबरी दोर उसवून त्याचा काथ्या करणं. शिक्षा म्हणजे अंधारकोठडी, पाव आणि पाणी, आणि डोकं भादरणं. यातलं डोकं भादरणं बायकांना सगळ्यांत जिव्हारी लागे.

१८४० च्या दशकात पद्धत बदलली. नव्याने आलेल्या बायकांना आधी सहा महिने डर्वेंट नदीत नांगरलेल्या 'अ‍ॅन्सन' या जुन्या युद्धनौकेवर ठेवून कामाचं वळण लावायचं आणि मग मजुरीवर बाहेर पाठवायचं. १८४४ ते १८५० ही सोय चालली.

मुलांचं काय झालं?

या प्रश्नाचं उत्तर लिहिणं सगळ्यांत कठीण आहे. नेमणुकीच्या घरात बाई गरोदर राहिली की तिला फॅक्टरीत परत पाठवत. बाळंतपण तिथंच होई. बाळ अंगावर पीत असेतो आईजवळ राही, मग दूध तोडून आईला शिक्षेच्या वर्गात पाठवत. बाळ राही पाळणाघरात, कोंदट, गर्दीच्या खोलीत. तिथं बालमृत्यू इतके झाले की १८३० च्या दशकात हॉबर्टच्या वर्तमानपत्रांनीही ओरड केली आणि चौकशा बसल्या.

जगलेली मुलं दोन-तीन वर्षांची झाली की न्यू टाउनच्या सरकारी अनाथालयात जात. त्यांची आई जिवंत होती आणि त्याच शहरात होती. तरी कागदावर ती अनाथालयातली मुलं. आयर्लंडहून आईबरोबर आलेल्या मोठ्या मुलांचंही तेच होई. शिक्षा संपल्यावर काही आयांनी अर्ज करून मुलं परत मिळवली. काहींना ते कधीच जमलं नाही. आज वंशज जेव्हा आपल्या घराण्याचा धागा शोधतात, तेव्हा तो या अनाथालयाच्या वहीत तुटतो किंवा तिथंच सापडतो.

बायकांनी हे सगळं निमूट सोसलं का?

मुळीच नाही. १८२७ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरामाटाला पावाचा आणि साखरेचा शिधा कापला गेला. बायकांनी फाटक फोडलं, गावात शिरल्या, बेकरी आणि खाटकाच्या दुकानांतून पाव आणि मांस उचललं. सैनिक बोलवावे लागले. बायका परत आल्या त्या ओच्यात पाव भरूनच. ऑस्ट्रेलियात बायकांनी एकजुटीने केलेला हा पहिला कामगार लढा, असं आज अनेक जण मानतात.

कॅस्केड्समध्ये 'फ्लॅश मॉब' म्हणून ओळखली जाणारी टोळी होती. गाणी म्हणायची, तंबाखू आत आणायची, पाद्र्याच्या प्रवचनात गोंधळ घालायचा. १८४१ मध्ये सरकारने बायकांच्या शिस्तीची चौकशी करायला समिती नेमली, तिच्या कागदांत या टोळीबद्दल बरंच काही आहे. एरवीचा विरोध साधा असे. बाईच्या वर्तनाच्या नोंदीत 'उद्धट बोलली', 'परवानगीशिवाय बाहेर गेली', 'काम करायला नकार', 'दारू प्यायली' असे शेरे पानभर दिसतात. अधिकाऱ्याने ते तिचे दोष म्हणून लिहिले. मला त्यात एक जिवंत बाई दिसते.

त्या वेश्या होत्या, असं ऐकलंय...

हा समज त्या काळातच पसरवला गेला आणि तो फार चिवट निघाला. वेश्याव्यवसाय हा हद्दपारीचा गुन्हाच नव्हता. काही बायकांच्या नोंदीत त्यांनी काही महिने किंवा वर्षं त्या मार्गाने पोट भरल्याचा उल्लेख आहे. तो लपवायचं कारण नाही, आणि तेवढ्यावरून हजारो बायकांना एक नाव द्यायचंही कारण नाही.

हा कलंक कसा तयार झाला, याचं एक उदाहरण पाहा. पॅरामाटाचा धर्मोपदेशक सॅम्युअल मार्सडेन याने १८०६ मध्ये वसाहतीतल्या बायकांची यादी केली. त्यात रकाने दोनच, विवाहित आणि रखेल. त्याच्या लेखी लग्न म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेलं लग्न. वसाहतीत तेव्हा कॅथलिक पद्धतीच्या लग्नाला मान्यता नव्हती. त्यामुळे वर्षानुवर्षं एका नवऱ्याबरोबर संसार करून मुलं वाढवणाऱ्या आयरिश बायका त्या यादीत रखेल ठरल्या. ती यादी लंडनला गेली आणि तिच्यावर लोकांनी मतं बनवली.

सुटका झाल्यावर त्या परत गेल्या का?

फार थोड्या. शिक्षा संपली तरी परतीचं भाडं सरकार देत नसे. वागणूक चांगली असेल तर आधी 'तिकीट ऑफ लीव्ह' मिळे, म्हणजे ठरलेल्या भागात स्वतःच्या मर्जीने काम करायची मोकळीक. पुढे सशर्त माफी किंवा मुक्ततेचा दाखला. लग्नासाठी सरकारची परवानगी लागे, आणि पुरुषांच्या मानाने बायका इतक्या कमी होत्या की बहुतेकींची लग्नं झाली. आयर्लंडमध्ये नवरा मागे राहिलेला असूनही काहींनी इथं दुसरा संसार थाटला. समुद्रापलीकडची बाई कायद्याने नाही तरी व्यवहारात मेल्यासारखीच होती. १८५१ नंतर सोन्याच्या खाणींमुळे व्हिक्टोरियाकडे रीघ लागली, तेव्हा टास्मानियातून सुटलेल्या कित्येक बायका तिकडे गेल्या आणि नाव बदलून नव्याने जगू लागल्या.

सगळ्यांचं भलं झालं नाही. म्हातारपणी बेघर होऊन सरकारी आश्रयगृहात मेलेल्या बायकाही पुष्कळ आहेत. वंशजांच्या संमेलनांत त्यांची आठवण काढली जात नाही, कारण त्यांना वंशजच नाहीत.

दुष्काळात पाठवलेल्या अनाथ मुली त्या याच का?

नाही. ही गल्लत नेहमी होते. १८४८ ते १८५० या काळात वसाहत मंत्री अर्ल ग्रे यांच्या योजनेखाली आयर्लंडच्या गरीबघरांतल्या ४,००० हून अधिक अनाथ मुली ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्या कैदी नव्हत्या. सिडनीला त्यांची सोय हाइड पार्क बराकीत केली होती आणि १९९९ पासून तिथंच आयरिश दुष्काळाचं स्मारक आहे. कागदपत्रं वेगळी असल्यामुळे घराण्याचा शोध घेताना हा फरक आधी स्पष्ट करून घ्यावा.

वंशजांनी हे इतकी वर्षं लपवलं का?

हो, आणि कसोशीने. तिथली हद्दपारी थांबल्यावर तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, व्हॅन डिमेन्स लँडचं नाव टास्मानिया केलं गेलं. जुन्या नावाला कैद्यांचा वास येत होता. घराघरांतही हेच झालं. आजीचा जन्म जहाजावर झाल्याचं सांगितलं जाई, जहाज कोणतं ते नाही. मृत्युलेखांत 'जुन्या काळच्या रहिवासी' एवढंच. आयरिश, कॅथलिक, बाई आणि कैदी, असे चार डाग एकाच माणसावर असल्यावर मुलांनी ते झाकायचा प्रयत्न केला, यात त्यांना दोष देता येत नाही.

मग अभिमान कधीपासून वाटायला लागला?

हळूहळू, साधारण १९७० च्या दशकापासून. घराण्याचा इतिहास शोधायची आवड वाढली, स्त्रीवादी अभ्यासकांनी कैदी बायकांच्या नोंदी नव्याने वाचल्या, आणि १९८८ मध्ये वसाहतीला दोनशे वर्षं झाली. त्या वेळी आयर्लंड सरकारने आपल्याकडच्या हद्दपारीच्या कागदांच्या प्रती ऑस्ट्रेलियाला भेट दिल्या. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या नोंदी युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' यादीत गेल्या. २०१० मध्ये कॅस्केड्ससह ११ कैदी स्थळं जागतिक वारसा ठरली.

टास्मानियाच्या कलाकार क्रिस्टीना हेन्री यांचा टोपड्यांचा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक कैदी बाईमागे एक कापडी टोपडं, अशी त्यांनी २५,५६६ टोपडी जमवायचं ठरवलं. मोलकरणी घालत तसं टोपडं, त्यावर बाईचं आणि तिच्या जहाजाचं नाव शिवायचं. आयर्लंडमधल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या अनेक गावांत लोकांनी ती शिवली. आपल्या पूर्वजेसाठी शिवली, तसंच जिचं कुणीच उरलं नाही अशा अनोळखी बाईसाठीही शिवली.

२०१७ मध्ये हॉबर्टच्या धक्क्यावर तीन बायका आणि एका मुलाचे कांस्य पुतळे उभे राहिले. शिल्पकार रोवन गिलेस्पी. डब्लिनच्या लिफी नदीकाठची दुष्काळग्रस्तांची शिल्पं त्यांचीच. अनावरणाला आयर्लंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स आले होते.

वारशाची दुसरी बाजूही आहे ना?

आहे, आणि ती टाळून हा विषय सांगू नये. ज्या जमिनीवर या बायकांनी संसार मांडले ती मोकळी नव्हती. टास्मानियात १८२० च्या दशकात आणि १८३० च्या सुरुवातीला मूळ रहिवाशांविरुद्ध जे युद्ध झालं त्यात तिथला समाज जवळजवळ नामशेष केला गेला. उरलेल्यांना फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवलं. आयर्लंडमध्ये जमीन गमावलेल्या घरांतल्या बायका इथं दुसऱ्यांच्या जमिनीवर वस्तीला आल्या. त्यांनी तो निर्णय घेतला नव्हता, तरी त्यांच्या मुलानातवंडांना त्याचा लाभ झाला. आजचे पुष्कळ वंशज हे मोकळेपणाने बोलतात.

आपल्याकडच्या काळ्या पाण्यासारखंच हे होतं का?

राज्यकर्ते तेच आणि पद्धतही बरीचशी तीच. मुंबई इलाख्यातले कैदी १८१५ नंतर मॉरिशसला जात होते आणि अंदमानची वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली. अंदमानातही बायका पाठवल्या गेल्या, ठरावीक वर्षं चांगली वागणूक दिसल्यावर कैद्यांना आपसांत लग्नाची परवानगी मिळे, आणि त्यांचे वंशज आजही 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखले जातात. आपण अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आणि राजबंदी आठवतो, ते योग्यच आहे. पण त्याआधी गेलेल्या साध्या कैदी बायकांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

कुणाला आपली पूर्वजा शोधायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

आपल्यापासून मागे जावं. जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले आधी. नुसत्या नावावर विसंबू नये. मेरी रायन किंवा ब्रिजेट मर्फी नावाच्या बायका ढिगाने सापडतील. जहाजाचं नाव आणि वर्ष मिळालं की काम सोपं होतं.

टास्मानियात गेलेल्या बाईच्या नोंदी फार तपशीलवार आहेत. उंची, डोळ्यांचा रंग, देवीचे व्रण, धर्म, वाचता-लिहिता येतं का, जन्मगाव, भावंडांची नावं, पुढचे गुन्हे, लग्नाची परवानगी. टास्मानियाच्या सरकारी ग्रंथालयाने त्या फुकट पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. हॉबर्टच्या फिमेल कन्व्हिक्ट्स रिसर्च सेंटरचे स्वयंसेवकही मोठी मदत करतात. न्यू साउथ वेल्सच्या नोंदी तिथल्या राज्य अभिलेखागारात आहेत.

आयर्लंडच्या बाजूने एक अडचण आहे. १८३६ आधीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीबरोबर जळाल्या. त्या आधीच्या बाईसाठी कैद्यांचे दयेचे अर्ज आणि स्थानिक वर्तमानपत्रांतल्या खटल्यांच्या बातम्या पाहाव्या लागतात.

आम्ही सिडनीत राहतो. जाऊन काय पाहता येईल?

पॅरामाटाची फॅक्टरी हॅरिस पार्कपासून जवळच आहे. तिथं इडली-डोसा खायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी ती पाहिलेली नसते. जुन्या इमारतींचा काही भाग शिल्लक आहे आणि २०१७ पासून ती जागा राष्ट्रीय वारसा यादीत आहे. १८३८ मध्ये डब्लिनहून आलेल्या पाच कॅथलिक भगिनींनी याच फॅक्टरीतल्या बायकांमध्ये काम सुरू केलं होतं. पुढे १८५७ मध्ये त्यांच्याच संस्थेने सिडनीचं सेंट व्हिन्सेंट रुग्णालय काढलं. हॉबर्टला गेलात तर कॅस्केड्सला निदान अर्धा दिवस ठेवा. मूळ अंगणांच्या दगडी भिंती आणि मेट्रनचं घर शिल्लक आहे. मार्गदर्शकासोबतची फेरी घ्यावी, नाहीतर नुसत्या भिंती पाहून फारसं कळत नाही. जागा दमट आणि थंड आहे, उन्हाळ्यातही स्वेटर जवळ असू द्या. धक्क्यावरचे पुतळे तिथून गाडीने दहा मिनिटांवर आहेत.